दोन वर्षे की सत्तर वर्षे? बाबेल आणि बायबलमधील भविष्यवाणी

मागच्या व्याख्यानात आपण अश्शूरी साम्राज्य पाहिलं. इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास कसं बुडालं आणि दक्षिणेत यहूदाचं छोटं राज्य कसं तगून राहिलं, इथपर्यंत आलो होतो. आज त्यापुढचा टप्पा, म्हणजे बाबेल.

बाबेल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मंदिर जाळणारे, लोकांना बंदिवान करून नेणारे क्रूर राजे आठवतात. ते खरंच आहे. पण बायबल वाचताना एक गोष्ट अडखळायला लावते. यिर्मयाच्या पुस्तकात बाबेलच्या राजाला, म्हणजे नबुखद्नेस्सराला, देव आपला 'सेवक' म्हणतो. एकदा नव्हे, तीनदा. हा शब्द मोशे आणि दावीद यांच्यासाठी वापरला जाणारा. ज्याने यरुशलेम जाळलं त्याला हा शब्द कसा काय लागला? आणि असं सांगणाऱ्या यिर्मयाला त्याच्या हयातीत लोकांनी देशद्रोही ठरवलं, तरी त्याचंच पुस्तक त्याच लोकांनी जपून का ठेवलं? आज आपण या प्रश्नाचा माग काढू या. भविष्यवाणी म्हणजे नेमकं काय, याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

नाव आणि जागा

आधी नावाबद्दल. मराठी बायबलमध्ये उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायातला बुरूज बाबेलचा, आणि नबुखद्नेस्सराची राजधानीही बाबेलच. मूळ हिब्रूतही दोन्हीकडे एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र दोन वेगळी नावं पडली, त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट मराठी वाचकाला आपोआप कळते: हे शहर ग्रंथाच्या सुरुवातीलाच येतं आणि शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पुन्हा भेटतं.

प्रत्यक्ष बाबेल आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला सुमारे ८५ किलोमीटरवर, हिल्ला शहराजवळ फरात नदीकाठी होतं. जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ ते १९१७ या काळात तिथे उत्खनन केलं. बायबलमध्ये 'खास्दी' हा शब्द येतो तो याच राजवटीच्या लोकांसाठी.

यहूदा कात्रीत कसा सापडला

इ.स.पू. ६२६ मध्ये नबोपोलासर नावाच्या राजाने अश्शूरचं जोखड झुगारून बाबेलची गादी मिळवली. ६१२ मध्ये त्याने मेदी लोकांच्या मदतीने निनवे पाडलं. अश्शूर संपत आला तेव्हा मिसरचा फारो नखो त्याच्या मदतीला उत्तरेकडे निघाला. यहूदाचा राजा योशीया त्याला मगिद्दो इथे आडवा गेला आणि मारला गेला. ते साल ६०९. पुढे ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत नबोपोलासरच्या मुलाने, नबुखद्नेस्सराने, मिसरी सैन्याचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी तो राजा झाला आणि ५६२ पर्यंत गादीवर राहिला.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला बाबेल, आणि दोघांच्या मधल्या वाटेवर हे एवढंसं राज्य. यरुशलेमच्या दरबारात दोन गट पडले होते. एक म्हणायचा, मिसरच्या भरवशावर बाबेलशी झुंज घेऊ. दुसरा म्हणायचा, खंडणी देऊन जीव वाचवू. यहोयाकीम राजाने आधी खंडणी दिली, मग तीन वर्षांनी बंड केलं. त्याचा परिणाम त्याच्या मुलाला, यहोयाखीनला भोगावा लागला.

इथे आपल्याला बाहेरचा पुरावा मिळतो. बाबेलचे राजलेखक वर्षवार नोंदी मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत लिहून ठेवत. आपण त्याला 'बाबेलची बखर' म्हणू. त्यातल्या महत्त्वाच्या पाट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि डोनाल्ड वाइजमन यांनी त्या १९५६ साली प्रसिद्ध केल्या. त्यात नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षाची नोंद आहे: राजाने यहूदाच्या नगराला वेढा घातला, अदार महिन्याच्या २ तारखेला ते घेतलं, तिथल्या राजाला पकडलं, आपल्या पसंतीचा राजा बसवला आणि मोठी खंडणी नेली. आपल्या कालगणनेत ती तारीख १६ मार्च ५९७ अशी येते. हीच हकीकत २ राजे, अध्याय २४ मध्ये आहे. पकडलेला राजा यहोयाखीन, बसवलेला राजा सिद्कीया. शत्रूची वही आणि आपली पोथी एकमेकींशी जुळतात, असं प्राचीन इतिहासात फार वेळा घडत नाही.

दोन संदेष्टे, एक जू

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. सिद्कीयाचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५९४-९३. अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन या शेजारी राज्यांचे वकील यरुशलेमला आले होते. बाबेलविरुद्ध एकजूट करायची बोलणी चालली होती. हे त्यांना त्याच वेळी का सुचलं असावं? बाबेलची बखर इथेही मदतीला येते. नबुखद्नेस्सराच्या दहाव्या वर्षी, म्हणजे ५९५-९४ च्या हिवाळ्यात, खुद्द बाबेलमध्येच बंडाळी झाली होती, अशी तिच्यात नोंद आहे. म्हणजे 'साम्राज्य आतून डळमळतंय' ही बातमी ताजी होती. आशेला आधार होता.

अशा वेळी यिर्मया मानेवर जू घालून लोकांत फिरू लागला. त्याचा अर्थ सरळ होता: बाबेलचं जू पत्करा, तर जगाल. आणि मग मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर, गिबोनचा संदेष्टा हनन्या पुढे आला. त्यानेही देवाच्याच नावाने सांगितलं की, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिराची लुटलेली भांडी परत येतील, यहोयाखीन राजा परत येईल, बंदिवान परत येतील. एवढं बोलून त्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं.

आता तुम्ही त्या गर्दीत उभे आहात असं समजा. दोघंही संदेष्टे. दोघंही एकाच देवाचं नाव घेणारे. एक म्हणतो दोन वर्षं, दुसरा म्हणतो सत्तर. तुमचा मुलगा किंवा भाऊ बाबेलला नेलेला आहे. तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?

यिर्मयाने तिथे जे उत्तर दिलं ते फार विचार करण्यासारखं आहे. तो आधी म्हणाला, आमेन, देव तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं. मग त्याने एक कसोटी सांगितली: आपल्या आधीचे संदेष्टे युद्ध, दुष्काळ, रोगराई यांबद्दल सांगत आले. जो शांतीचं भाकीत करतो, त्याचं म्हणणं प्रत्यक्षात आलं म्हणजेच तो देवाचा, हे कळेल. आणि एवढं बोलून तो निघून गेला. वाद घातला नाही. नंतर तो नवा संदेश घेऊन परत आला: लाकडी जू मोडलंस, आता लोखंडी येईल. त्याच वर्षी हनन्या मेला, असं पुस्तक सांगतं.

या कसोटीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. वाईट सांगतो तोच खरा, असं यिर्मया म्हणत नाही. त्याचा मुद्दा असा, की लोकांना जे ऐकायचंच आहे ते सांगणाऱ्याला जास्त पुरावा द्यावा लागतो. आणि हा नियम त्याने स्वतःच्या इच्छेलाही लावला.

इ.स.पू. ५८६

सिद्कीयाने शेवटी बंड केलंच. नबुखद्नेस्सराचं सैन्य परत आलं. यिर्मया शरण जायला सांगत राहिला, तेव्हा सरदारांनी तक्रार केली की हा माणूस सैनिकांचे हात ढिले करतो. त्याला चिखलाच्या हौदात टाकलं. एबद-मलेख नावाच्या एका कूशी सेवकाने त्याला दोर टाकून बाहेर काढलं.

'हात ढिले करणं' हा त्या काळचा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग होता, हे आपल्याला आणखी एका ठिकाणाहून कळतं. लाखीश या किल्ल्यात १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. ती याच शेवटच्या काळातली आहेत. एका पत्रात सरदारांच्या बोलण्याने हात ढिले पडतात अशी तक्रार आहे. दुसऱ्या पत्रात चौकीवरचा माणूस लिहितो की, आम्ही लाखीशच्या खुणेच्या आगीवर नजर ठेवून आहोत, अजेकाची दिसत नाही. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती असं म्हटलंय. ती बातमी आणि हे खापर एकाच धुरातून आलेले आहेत.

५८७ किंवा ५८६ मध्ये (अभ्यासकांत एका वर्षाचा वाद आहे) नगर पडलं. मंदिर जाळलं गेलं. सिद्कीयाच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं, मग त्याचे डोळे काढले आणि बेड्या घालून बाबेलला नेलं. यरुशलेमच्या दावीदनगर भागात उत्खननात जळालेल्या घरांचा थर मिळाला आहे. त्यात १९८२ साली दस्तऐवजांवर लावलेल्या मातीच्या मोहरा सापडल्या. कागद जळून गेले, पण त्याच आगीत माती भाजून पक्की झाली आणि मोहरा टिकल्या. त्यातल्या एकीवर 'शाफानाचा पुत्र गमऱ्या' असं नाव आहे. यिर्मयाच्या ३६ व्या अध्यायात याच नावाचा अधिकारी आहे. यहोयाकीम राजा यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकत होता, तेव्हा 'असं करू नका' म्हणून विनवणाऱ्यांत तो होता. बहुतेक अभ्यासक दोघं एकच मानतात.

पत्र आणि पाट्या

किती लोक नेले? २ राजे हे पुस्तक ५९७ साठी दहा हजारांचा आकडा देतं. यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात तीन वेळच्या मिळून ४,६०० जणांची गणती आहे. कोणताही आकडा घेतला, तरी बहुसंख्य गरीब जनता मागेच राहिली. गेले ते राजघराणं, कारागीर, याजक, शिकलेले लोक. यहेज्केल हा याजकही पहिल्या तुकडीत गेला आणि खबार नदीच्या काठी, निर्वासितांच्या वस्तीत, त्याला पहिला दृष्टांत झाला.

या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र पाठवलं. अध्याय २९. त्याचा सारांश असा: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं आहेत.

हे ऐकायला आज गोड वाटतं. तेव्हा ते कडू होतं. सत्तर वर्षं म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. हनन्याचं भाकीत ऐकून लोक गाठोडी बांधून बसले असते. यिर्मयाचं ऐकून त्यांनी विहिरी खणल्या.

आणि त्यांनी खरंच तसं केलं, याला पुरावा आहे. कोल्डेवाय यांच्या उत्खननातल्या शिधावाटपाच्या पाट्यांमध्ये यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याची पाच मुलं यांना तेल दिल्याची नोंद आहे. त्या पाट्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. दुसरा गठ्ठा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'यहूदानगर' नावाच्या बाबेलमधल्या एका गावातले व्यवहार आहेत, साधारण इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातले. माणसं खंडाने जमीन करतात, सारा भरतात, कर्ज घेतात, वारसाहक्काची वाटणी करतात. बापाचं नाव यहूदी, मुलाचं बाबेली, नातवाचं पुन्हा यहूदी, असंही दिसतं. मंदिर नाही, राजा नाही, तरी समाज उभा आहे. आज यहुदी पंचांगात निसान, तम्मूज, अव ही महिन्यांची नावं आहेत, ती या बाबेलवासातून आलेली आहेत.

त्या पत्राचा धागा आपल्या दारापर्यंतही येतो. परतीची परवानगी मिळाल्यावर सगळे परतले नाहीत. इराकमधला यहुदी समाज आपली परंपरा थेट त्या बंदिवासापर्यंत नेतो. १९ व्या शतकात बगदादहून मुंबईला आलेले डेव्हिड ससून त्याच समाजाचे. पुण्याचं लाल देऊळ त्यांनीच बांधवलेलं. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे मंदिर जळाल्याच्या स्मृतिदिनाला, 'बिरड्याचा सण' म्हणत आले, वालाच्या बिरड्यावरून.

सत्तर कशी मोजायची

आता नेहमी येणारा प्रश्न: सत्तर वर्षं बरोबर भरली का? ६०५ पासून बाबेल पडेपर्यंत, म्हणजे ५३९ पर्यंत मोजलं तर ६६ येतात. अश्शूरचा शेवटचा आधार गेला त्या ६०९ पासून मोजलं तर ७०. मंदिर जळाल्यापासून दुसरं मंदिर पुरं होईपर्यंत, ५८६ ते ५१५, मोजलं तर सुमारे ७०. प्रत्येकाचा आपला हिशेब आहे.

एक गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. सत्तर हा आकडा खुद्द बाबेलमध्येही प्रसिद्ध होता. अश्शूरच्या सन्हेरीबाने ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केलं. त्याचा मुलगा एसर-हद्दोन याने ते पुन्हा बांधायला घेतलं आणि शिलालेखात लिहिलं की, मर्दुक देवाने शहर ओसाड राहण्याची मुदत सत्तर वर्षं लिहिली होती, पण दया येऊन त्याने आकडा उलटवला आणि अकरा केला. कीलाक्षरांत उभा खिळा एक किंवा साठ दाखवतो आणि कोनासारखी खूण दहा. खिळा आधी आणि कोन नंतर, तर साठ अधिक दहा, सत्तर. कोन आधी आणि खिळा नंतर, तर दहा अधिक एक, अकरा. म्हणजे देवाच्या कोपाची पूर्ण मुदत सत्तर, ही कल्पना त्या प्रदेशात आधीपासून होती. यिर्मयाच्या श्रोत्यांना 'सत्तर' म्हणजे 'एक पूर्ण आयुष्य' एवढं नक्की कळलं असणार. यिर्मयाचा आकडा मात्र कोणी उलटवला नाही.

बाबेल पडतं, पण कसं

५३९ च्या ऑक्टोबरमध्ये पारसाचा राजा कोरेश याच्या सैन्याने बाबेल घेतलं. त्याआधी ओपिस इथे लढाई झाली, पण राजधानीत सैन्य न लढता शिरलं, असं बाबेलच्याच बखरीत आहे. शेवटचा राजा नबोनिदस. दानीएलच्या ५ व्या अध्यायातला बेलशस्सर हा त्याचा मुलगा, बाप बाहेर असताना कारभार पाहणारा. कोरेशने शहर जाळलं नाही. त्याचा मातीचा शिलालेख, 'कोरेशचा दंडगोल', १८७९ मध्ये सापडला. २०१३ च्या डिसेंबरात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनाला आला होता. त्यात यहुद्यांचं नाव नाही, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या देवमूर्ती आणि लोक आपापल्या जागी परत पाठवल्याचं त्यात लिहिलंय. एज्राच्या पुस्तकातला परतीचा हुकूम याच धोरणात बसतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. यशया १३ आणि यिर्मया ५०-५१ मध्ये बाबेलच्या नाशाचं जे चित्र आहे ते आगीचं, ओसाडपणाचं, एका झटक्याचं आहे. इतिहासात ५३९ मध्ये तसं झालं नाही. शहर पुढे दोनशे वर्षांनी सिकंदर तिथे मेला तेव्हाही, इ.स.पू. ३२३ मध्ये, नांदतं होतं. ते हळूहळू रिकामं होत गेलं. काही वाचक म्हणतात, शेवटी ओसाड झालंच ना, मग वाणी खरी ठरली. काही म्हणतात, उरलेला भाग अजून पुढे घडायचा आहे. काही म्हणतात, ती संदेष्ट्यांची काव्यभाषा आहे, तिचा वार्ताहराच्या बातमीसारखा अर्थ लावू नये. श्रद्धेने वाचणाऱ्यांतही हे तिन्ही गट आहेत.

पण पोथीने काय केलं ते पाहा. यहेज्केलने सोर नगराविषयी सांगितलं होतं की नबुखद्नेस्सर ते लुटेल. लांबलचक वेढा पडला. आणि २९ व्या अध्यायात तोच यहेज्केल लिहितो की, त्या श्रमाचा मोबदला राजाला किंवा सैन्याला मिळाला नाही, म्हणून त्याला मिसर मिळेल. आधीचा मजकूर खोडला नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या.

नाव मागे उरतं

इ.स. ७० मध्ये रोमने दुसरं मंदिर जाळलं. त्यानंतरच्या लिखाणात रोमसाठी सांकेतिक नाव आलं ते बाबेल. प्रकटीकरणातली सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे त्या काळच्या वाचकाला रोमच. दानीएलच्या ९ व्या अध्यायात यिर्मयाची सत्तर वर्षं सत्तर 'सप्तकं' होतात. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक पिढीने आपापलं बाबेल शोधलं आहे. आजही युद्धाची बातमी आली की कोणीतरी आकडेमोड करून तारीख सांगतो, आणि लोक घर विकायला किंवा नोकरी सोडायला तयार होतात.

म्हणून हनन्या लक्षात ठेवायचा. तो वाईट माणूस होता असं पुस्तक कुठे म्हणत नाही. त्याचं देशप्रेम खरं असेल. पण त्याच्या भाकितात लोकांना करण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त वाट पाहायची होती. यिर्मयाने बाबेलला देवाचा सेवक म्हटलं आणि त्याच बाबेलचाही हिशेब होईल असंही सांगितलं. मधल्या काळासाठी त्याने लोकांच्या हाती काम दिलं. लोक जगले ते त्या कामामुळे, आणि जगले म्हणूनच त्याचं पुस्तक जपायला कोणीतरी उरलं. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं आमच्या मते हेच उत्तर आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण परतलेल्या लोकांकडे वळू: एज्रा, नहेम्या आणि तटबंदीचं काम. तोवर यिर्मयाचे २७ ते २९ हे तीन अध्याय सलग वाचून ठेवा. अर्धा तास पुरतो.